की-बोर्डवरचा रुमाल

बाई आल्या की आधी रुमाल काढायच्या. घाम पुसायला नाही. पुरुष वापरतात तसला मोठा, चौकडीचा रुमाल. तो उलगडून माझ्या की-बोर्डवर आणि माउसवर नीट पसरायचा, कडा सारख्या करायच्या आणि म्हणायचं, "हात वर. आता सांग, शेवटचं काय केलंस?"

"काही नाही बाई, आपोआप झालं."

"हौ. आणि खरं शेवटचं?"

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय रुमाल उचलला जात नसे. असे रुमाल त्या बेगम बाजारातून डझनाने आणायच्या. मी एकदा विचारलं, "बाई, इतके कशाला?" तर म्हणाल्या, "अरे, झाकलं नाही तर घाबरलेला माणूस अजून दहा बटणं दाबतो. बिघाड एक असतो, माणूस अकरा करून ठेवतो."

आमचं ऑफिस हैदराबादला, चिक्कडपल्लीत, टिफिनच्या दुकानाच्या वर. सकाळभर सांबाराचा वास. काम असं, की लोकांचं घर बांधायच्या आधी कॉम्प्युटरवर उभं करायचं. भिंती, ओटा, कपाटं, पडदे, सगळं. मग गिऱ्हाईक खुर्चीत बसल्या बसल्या त्या घरात फिरून येतं. पण हे कॉम्प्युटरातलं घर फार लहरी. कधी जिना हवेत लटकतो, कधी भिंत छत फोडून वर येते, कधी देवघर आख्खं काळं पडतं. तसं झालं की बाईंना बोलावणं जायचं. त्या मागच्या गल्लीतच राहायच्या. एका तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेल्या, आणि साठीनंतर हे सॉफ्टवेअर हट्टाने शिकलेल्या. आमचे मालक, म्हणजे सार, तेलुगू माणूस, एके काळचे त्यांचे विद्यार्थी. एरवी आवाज चढवून बोलणारे सार बाई जिन्यात दिसल्या की खुर्चीतून उठायचे आणि शर्टाचं वरचं बटण लावायचे.

बाईंचं घराणं मराठी, पण निजामाच्या काळापासून इथलंच. त्यामुळे त्यांच्या मराठीत 'हौ', 'नक्को' आणि 'कायकू' घरच्यासारखे बसलेले असत. मी चोपड्याकडचा. सुतार. घरापासून इतक्या लांब पहिल्यांदा कुणी 'कायकू रडतोस रे' असं मराठीत विचारलं, तेव्हा मला खरंच रडू आलं होतं. पण ते नंतर सांगतो.

सिकंदराबादहून एक कॉम्प्युटरवाला यायचा. त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. "फॉरमॅट मारना पडता मॅडम."

"सर दुखा तो सर काटते क्या मियाँ?" बाई विचारायच्या.

तो जीभ चावायचा. "नक्को मॅडम, आपइच देखो." आणि चहा पीत बाईंमागे उभा राहायचा. जाताना मजुरी मात्र घेऊन जायचा. बाई म्हणायच्या, "घेऊ दे. हात न लावण्याचे पण पैसे द्यायला पाहिजेत. फार कमी लोकांना जमतं ते."

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील, की ज्यांना यंत्राशी बोलायची सवय असते. बाई यंत्राशी बोलत नसत, घराशी बोलत. आराखडा तपासायचा म्हणजे त्या चपला काढून टेबलाखाली सरकवायच्या. "चल, आत जाऊन येऊ. लोकांचं घर आहे." मग पडद्यावरच्या दारातून आत. "अम्मा, आहे का कोणी घरात?" असं विचारून. स्वयंपाकघरात गेल्या की लगेच विचारायच्या, "कुकर कुठे ठेवायचा? डोक्यावर?"

एकदा माझ्या एका बाथरूमशी थांबल्या. बराच वेळ थांबल्या.

"आत गेलेल्या माणसाने दार कसं लावायचं रे?"

मी पाहिलं. दार आत उघडत होतं आणि कमोडला थडकत होतं.

"कमोडवर चढून लावायचं का? आणि मग उतरायचं? घरातल्या सासऱ्यांना जमेल?"

सगळं ऑफिस हसलं. मी लाजेने खाली बघत होतो. शेकडो दारं या हातांनी बसवलेली. बाई हळूच म्हणाल्या, "लाकडाच्या दाराला असं केलं असतंस का? मग इथेच कायकू? इथे हात दुखत नाहीत म्हणून?"

त्या दिवसापासून मीही चपला काढायला लागलो.

आता ती गोष्ट, जी मी सगळ्यांपासून लपवली होती. फर्निचरच्या कामाला हैदराबादला आलो, करवतीत उजव्या हाताची दोन बोटं गेली. सार भला माणूस. त्यांनी विचारलं, "कॉम्प्युटरवर कपाटं काढशील? बारावी पास असशील ना?" मी हो म्हणालो. माझी शाळा आठवीतच सुटलेली. कपाटं मला झोपेतसुद्धा काढता येत होती. पण पडद्यावर मध्येच इंग्रजीचा चौकोन उगवायचा, तो मला वाचता येत नव्हता. अक्षरं ओळखू यायची, शब्द नाहीत. मग मी एक युक्ती काढली होती. चौकोन आला की पहिलं बटण दाबायचं. दहातल्या आठ वेळा काम व्हायचं. उरलेल्या दोन वेळा बाई यायच्या.

आणि मग त्या डॉक्टर नवरा-बायकोच्या घराचा दिवस आला. आमच्या ऑफिसातलं तोवरचं सगळ्यात मोठं काम. बाल्कनीत झोपाळा हवाच, असा डॉक्टरीणबाईंचा आग्रह. दोघं बाहेर चहा घेत बसलेले, आणि मी शेवटचा म्हणून तो झोपाळा जरा उजवीकडे सरकवत होतो. किती सरकवायचा तो आकडा टाइप केला. माझं राहिलेल्यांतलं एक बोट शून्यावर जरा जास्तच टेकलं असावं. चौकोन आला. पहिलं बटण दाबलं. झोपाळा दिसेना. मी घाबरून फाइल साठवली, बंद केली, परत उघडली. 'सगळं दाखव'चं बटण दाबलं.

पडदा कोरा.

आख्खं घर गेलं. दोन महिन्यांचं काम. पडद्यावर फक्त धुळीचे दोन कण, एक डाव्या कोपऱ्यात, एक उजव्या. मी शर्टाच्या बाहीने ते पुसले. जाईनात. नखाने खरवडले. सार मागे येऊन उभे राहिले आणि तेलुगूत काहीतरी म्हणाले. त्यात मध्येच आलेला हिंदी 'बारवी' एवढाच शब्द मला कळला. आज हे उघडं पडणार आणि संध्याकाळच्या गाडीने आपण चोपड्याला, दोन बोटं कमी घेऊन.

बाई आल्या. रुमाल पसरला. "हात वर. शेवटचं काय केलंस?"

"झोपाळा सरकवला."

"मग?"

"मग चौकोन आला."

"काय लिहिलं होतं त्यात?"

"एरर, बाई."

"ते तर सगळ्यांतच लिहिलेलं असतं. पुढे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बाहीकडे. मी अजून पडदाच पुसत होतो. त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि मागे वळून सारना म्हणाल्या, "तू जा बाहेर. त्यांना अजून एक चहा दे. तू इथे उभा राहिलास की कॉम्प्युटर लाजतो."

सार गेले. बटण लावूनच गेले.

"पुसू नक्को," बाई माझा हात बाजूला करत म्हणाल्या. "ती धूळ नाही. तो एक ठिपका म्हणजे तुझं घर."

"आणि दुसरा?"

"झोपाळा. असा कसा झोका दिलास रे? सिकंदराबाद ओलांडून गेला!" त्या हसायला लागल्या. "सगळं दाखव म्हटलंस. घर इथे आणि झोपाळा तिथे. बिचाऱ्याने दोन्ही एकाच पडद्यात बसवायला किती लांब जाऊन पाहिलं असेल! घर कुठे जात नाही, बाबा. काहीतरी एक लांब पडतं, म्हणून घर दिसत नाही. कायकू रडतोस?"

तोवर आवरलेलं रडू तेव्हा आलंच. त्यांनी रुमाल उचलला आणि मला उजव्या ठिपक्याजवळ नेलं. ठिपका वाढत वाढत खरंच झोपाळा झाला. खाली जमीन नाही, वर छत नाही, रिकाम्या पांढऱ्यात एकटा टांगलेला. का कोण जाणे, मला तो फार ओळखीचा वाटला. बाईंनी तो पुसला, 'सगळं दाखव' म्हटलं, आणि ओटा, कपाटं, देवघर, सगळं घर धप्पकन समोर आलं. बाल्कनीत नवा झोपाळा मी स्वतः टांगला. चपला काढून.

डॉक्टरीणबाईंना घर आवडलं.

त्यानंतर बाईंनी मला एक वही दिली. चौकोन आला की हात वर. आधी अक्षरन् अक्षर वहीत उतरवायचं, जसं जोडकामाचं माप उतरवतो तसं. मग मोठ्याने वाचायचं. मग खाली मराठीत अर्थ. मी अर्ध्यात अडकून थांबलो की त्या म्हणत, "पूर्णविरामापर्यंत वाच. अर्धं वाचलेलं वाक्य भीती घालतं, पूर्ण वाचलं की ते नुसतं काहीतरी विचारत असतं." आणि खरंच, बहुतेक चौकोन बिचारे विचारतच असायचे. साठवू का? एवढं लांब नेऊ का? नक्की ना?

"बाई, सारना सांगू का? बारावीचं?"

"सांग. पण आज नक्को. एक चौकोन न अडकता वाचशील त्या दिवशी सांग."

तो दिवस यायला आठ महिने लागले. मी सारच्या टेबलापुढे उभा राहून आठवी म्हणालो. सारनी मान वर केली नाही. "मालूम है रे. बारवी पास वाले इतना दिल लगा के नहीं पढ़ते." आणि पुढचं काम दिलं.

मग बाईंची नजर अधू होत गेली. आधी जिना चढणं थांबलं, मग पडदा दिसेनासा झाला. पण बोलावणं थांबलं नाही. काही अडलं की मी फोन लावायचो.

"रुमाल टाकलास?"

"हो बाई."

"वाच."

मी वाचायचो. त्या डोळे मिटून ऐकत असणार. कुठे चुकलो तर "परत" म्हणायच्या, आणि मी थांबलो की "पुढे?" मी वाचून दाखवलेल्या घरातून त्या चालत फिरायच्या. एकदा म्हणाल्या, "थांब, इथे भिंत असेल ना?" होती. तिथेच चूक होती. मीही थोडा फुशारलो होतो, लपवत नाही. ज्याला चौकोन वाचता येत नव्हता तो आता बाईंना वाचून दाखवत होता. मी तसं बोललोही. तर म्हणाल्या, "हौ, पण स्पेलिंग खातोस अजून."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी बाई गेल्या. त्यांची भाची ऑफिसात आली, कागदी पुडकं देऊन गेली. आत रुमाल होते. सात. डझनातले उरलेले, घडीसुद्धा न मोडलेले. सारनी एक मागून घेतला. कशाला, ते बोलले नाहीत. खिशात ठेवतात.

काल एका घराचा जिना पुन्हा हवेत लटकला. चौकोन आला. मी रुमाल पसरला, कडा सारख्या केल्या, चपला टेबलाखाली सरकवल्या आणि मोठ्याने वाचायला लागलो. शेजारचे दोघं वळून पाहायला लागले, तरी वाचलं. पूर्णविरामापर्यंत.

मग जरा थांबलो. "पुढे?" असं कुणी विचारतं का, ते बघायला.

मग रुमाल उचलला.