कडेवरची अक्षरं

केबिन रोडच्या डेअरीवाल्याकडे आज पुन्हा सुट्टे नव्हते. रुपयाऐवजी त्याने माझ्या तळहातावर दुकानाचं नाव छापलेली प्लास्टिकची लाल चकती ठेवली. "रख लो अंकल, अगली बार चलेगा." पूर्वी चॉकलेट द्यायचा. दुधाची पिशवी सांभाळत मी ती चकती उलटीपालटी केली आणि माझे कान तापले. जी गोष्ट जगात होऊच शकत नाही असं मी एका माणसाला छातीठोकपणे सांगितलं होतं, ती माझ्या हातात होती.

भाईंदर पूर्वेला राहायला आलो तेव्हापासून जुनी नाणी जमवायच्या नादामुळे बिल्डिंगमध्ये मी 'नाणीवाले साहेब'. त्या नावाची मला फार गोडी. खालच्या मजल्यावर गोदीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत, मूळचे कोकणातले. एका रविवारी ते रुमालात पाच तांब्याच्या चकत्या बांधून घेऊन आले. त्यांचे वडील बोटीवर खलाशी. आयर्लंडातल्या कुठल्याशा बंदरात एका म्हाताऱ्या दुकानदारणीने ती नाणी त्यांना दिली. तिकडे एके काळी दुकानदारच नाणी पाडत, असं ते जन्मभर सांगत आणि घरातले जन्मभर हसत. "मला विकायची नाहीत साहेब," गृहस्थ म्हणाले. "बाबा खरं बोलायचे की थापा मारायचे, तेवढंच सांगा."

मी भिंग काढलं. नाणं ओळखायची माझी रीत ठरलेली होती, आधी राजाचा चेहरा, मग साल. इथे राजाच नव्हता. एका अंगाला शिडाचं जहाज, दुसऱ्या अंगाला झिजून पुसट झालेली आद्याक्षरं. मला काही कळलं नाही, आणि कळत नाही एवढं म्हणायला माझी जीभ वळली नाही. "नाणं पाडायचा हक्क सरकारचा," मी म्हणालो. "दुकानदार पाडायला लागले तर उद्या केबिन रोडचा वाणीपण पाडेल!" मी हसलो. तेही हसले, जरा उशिराने. "म्हणजे थापच." त्यावर मी आणखी जोडलं, "तांबं आहे, खाडीत टाका. पुण्य तरी लागेल." त्यांनी खरंच तसं केलं. चार चकत्या जेट्टीवरून खाडीत गेल्या. पाचवी माझ्या टेबलावर, भिंगाखाली राहून गेली होती.

पुढे एकदा देव घासताना बायकोने त्या चकतीलाही ताम्हनाबरोबर चिंच लावली. नाणी जमवणारा माणूस जुन्या तांब्याला चिंच लावत नाही. तिला तो देवातला पैसा वाटला. रागावून मी तिच्या ओल्या बोटांतून चकती ओढली, तर कडेवर, जिथे मी पाहिलंच नव्हतं, इंग्रजी अक्षरं उठलेली. 'डब्लिन, कॉर्क किंवा बेलफास्ट इथे वटेल', असा त्यांचा अर्थ. फोर्टातल्या एका नाणेविक्रेत्याकडच्या जाडजूड पुस्तकात मग ते जहाजही सापडलं. दोनशे वर्षांपूर्वी तिकडे सुट्ट्या पैशांची चणचण पडली, तेव्हा व्यापाऱ्यांनी स्वतःची तांब्याची नाणी पाडली होती. खलाशाचा शब्द न् शब्द खरा होता.

तोवर ते गृहस्थ पेणकरपाड्याला लेकीकडे राहायला गेले होते. बाजारात भेटले की आवर्जून थांबत. "बरं झालं साहेब, तुम्ही निकाल लावलात." मी मान डोलावून भाजी निवडत राही. अशी चार वर्षं गेली. आज ती लाल चकती हातात आली आणि दूध घरी ठेवून मी थेट रिक्षा केली.

त्यांची नजर आता अधू झाली आहे. मी भिंग आणि तांब्याची चकती त्यांच्या हातात दिली, माझी चूक सांगितली, चार वर्षं गप्प बसलो तेही सांगितलं. ते कड फिरवत एकेक अक्षर लावत राहिले. फेरा पुरा झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

"तुम्हाला मी काय बोलणार साहेब," अखेर ते म्हणाले. "तुम्ही तर परके. त्या दिवशी मीपण हसलो ना."

लेकीने चहा आणला. तो मी प्यायलो, कारण उठून जाणं त्याहून कठीण होतं. शेवटी त्यांनी तिला जवळ बोलावलं, तिचं बोट धरून त्या कडेवरून फिरवलं आणि म्हणाले, "तुझे आजोबा सांगायचे ना, ते हे."

माणसांच्या हाताहातांतून जाऊन नाण्याचा चेहरा झिजतो. कड मात्र फारसं कुणी चोळत नाही, म्हणून तिथला शब्द टिकतो. लाल चकती अजून माझ्या खिशात आहे. उद्या दूध आणायला जाईन तेव्हा रोख पैसेच देईन. ही वटवायचा धीर मला होत नाही.