आडव्या बाटल्यांचे राखणदार

तात्या गेल्याची खबर आली तेव्हा मी पलासियाला बँकेत रांगेत उभी होते. शेजारचा माणूस सायकलवरून धापा टाकत आला आणि नुसतंच "चला" म्हणाला. वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसल्या बसल्याच गेले... मी पोटभर रडले. पण खरं सांगते, मनात अभिमानही होता. माझे सासरे हरून गेले नव्हते.

संस्थानच्या काळात दरबारी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या दारूच्या कोठीवर तात्या कारकून होते. कोठी बंद झाली तेव्हा निरोपाची भेट म्हणून त्यांना विलायती लाल वाइनच्या बारा बाटल्या मिळाल्या. जन्मात थेंब न चाखलेल्या माणसाला! दुसरा कोणी वाटून मोकळा झाला असता. तात्यांनी घराखालच्या तळघरात वाळूचा जाड थर पसरून बाटल्या आडव्या निजवल्या. झरोक्याला वाळ्याचा पडदा, दुपारी चारला वाळूवर झारीने पाणी, आणि उजेडाला सक्त मनाई. "वाइनला नुसतं पडू द्यायचं, ती आपली आपण सुधारते," असं ते म्हणत. "आमच्याकडे असं लाडाने कधी नाही पाहिलं," असा टोमणा सासूबाई हमखास मारत.

मध्यप्रदेश झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन या घरात आले. दिवाळीच्या तोंडावर तात्या मुलीकडे रतलामला गेले आणि आजारी पडून फाल्गुनापर्यंत तिथेच राहिले. जाताना मला म्हणाले, "सूनबाई, रोज पाणी घालत जा." एवढंच. पहिल्याच दिवशी पाण्याबरोबर दिवाळीची साफसफाईही उरकू म्हणून मी खाली उतरले, तर सगळ्या बाटल्या लोळत पडलेल्या! उंदरांचा प्रताप समजून मी त्या राखेने घासल्या, वरचे कागद निघाले त्याचाही आनंद मानला, आणि लोणच्याच्या बरण्यांसारख्या ओळीने उभ्या केल्या. तात्या परतल्यावर तळघरात गेले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "पाणी रोज घातलंस ना? शाबास." बाटल्या मुकाट्याने पुन्हा आडव्या केल्या होत्या. बूच आतून भिजतं राहिलं नाही तर सुकतं, हवा शिरते आणि वाइनचा सिरका होतो, हे मला शेजारच्या, विलायतेत शिकून आलेल्या डॉक्टरकाकांनी सांगितलं. तरी पाणी घालायचं काम तात्यांनी माझ्याकडेच ठेवलं.

पुढे सात वर्षं काका चिडवत राहिले. "काय बात करता तात्या! ये तो पक्का सिरका निघणार. चटणीत घालू!" तात्या हसून घेत, पण बाटली उघडत नसत. ते घाबरतात, तेही माझ्यामुळे... हे मला सलत राहिलं.

काकांच्या साठीच्या संध्याकाळी, भरल्या बैठकीत, तात्या एक बाटली घेऊन आले. सासूबाई कुजबुजल्या, "राहू द्या हो, चारचौघांत हसं होईल." तात्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही पोरगी सात वर्षं तळघरातून मान खाली घालून वर येते. आज काय तो निकाल लागू दे."

बूच अख्खं निघालं. काकांनी पेला फिरवला, वास घेतला, घोट तोंडात घोळवला आणि डोळे मिटून घेतले... "अरे भिया," ते शेवटी म्हणाले, "विलायतेत पण अशी नाही मिळाली. तात्या, मान गए!"

बैठक दणाणून गेली. तात्यांनी पेल्याला हातही लावला नाही. राखणाऱ्याने चाखायची नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम. ते माझ्याकडे वळले. "चार महिने उभी राहूनही टिकली. तू एक दिवस पाणी चुकवलं नाहीस ना!" शास्त्र काय म्हणतं, मला ठाऊक नाही. मी मात्र त्या दिवसापासून तळघरातून ताठ मानेने वर येते.

तेराव्याला काका आले, आता पार थकलेले. "बेटा, अब कोण बघणार हे सगळं? कोणाला तरी देऊन टाक." मी त्यांना हात धरून खाली नेलं. काका थंड वाळूवर टेकले. अकराही बाटल्यांवरून त्यांनी नजर फिरवली. मग हळूच म्हणाले, "तात्यांच्या नावाने एक उघडू?"

"इतक्यात नाही," मी म्हटलं. "अजून दहा वर्षांनी."

"तोपर्यंत मी राहीन का?"

"राहावंच लागेल, काका. चाखणार कोण? मी तर राखणदार."