कल्याणला गाडी बदलताना कुठे जेवू नये

चि. वासुदेवा,

उत्तर लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल म्हाताऱ्या मामावर रागावू नकोस. तुझं पत्र येऊन कितीतरी दिवस झाले. पुण्याहून नाशिकला जाताना कल्याणला गाडी बदलावी लागते, मध्ये दुपारचा वेळ मिळतो, तेवढ्यात आईला आणि सूनबाईला घेऊन जेवण कुठे करावं, असं तू विचारलं होतंस. मी नुकताच त्या वाटेने जाऊन आलेला, म्हणून मला विचारलंस. प्रश्न साधा होता. उत्तर साधं नाही, आणि माझं शिक्षण पंतोजींच्या शाळेत जमाखर्चापुरतं झालेलं. कितीदा कागद फाडला. पण तुम्ही निघण्याआधी हे तुझ्या हाती पडलंच पाहिजे. कुठे जेवावं ते पुढे सांगतो, कुठे जेवू नये ते आधी नीट वाच. तुमच्या आळीतले जे कोणी यात्रेला निघणार असतील त्यांनाही वाचून दाखव.

नाशिकहून भाऊ फार आजारी असल्याचं कळलं आणि मी त्याच दिवशी निघायचं ठरवलं. तुझी मामी म्हणाली, "एकटे जाणार? इथल्या इथे नौपाड्यातून तळ्यापर्यंत जायचं तर तुम्ही दहादा छत्री विसरली का ते बघता." मी म्हटलं, भाऊ गेला आणि भेट राहिली तर? ती उठून चुलीकडे गेली. तिने दशम्या केल्या, दुधात भिजवलेल्या, फडक्यात बांधून दिल्या. प्रवासात दशम्या चालतात, विटाळ नाही. पण माझे दात आता तुला माहीत आहेत. वरणभात असेल तरच माझं जेवण होतं. तिथेच सगळं बिनसलं.

ठाण्याहून नाशिकची गाडी मला सोयीची नव्हती. सकाळच्या गाडीने कल्याण गाठायचं आणि तिथून दुपारची नाशिकची धरायची, असं तिकीटघरातल्या कारकुनाने सांगितलं. एक गोष्ट लक्षात ठेव. स्टेशनाची वेळ आणि गावची वेळ एक नसते. गावातल्या घड्याळाच्या भरवशावर राहिलात तर गाडी गेलेली असते. मी तीन हमालांना विचारून खात्री केली. तिसरा म्हणाला, "बाबा, आता घड्याळच विचारेल, हा म्हातारा गेला का म्हणून."

डब्यात कोलशेतच्या बायका सुक्या मासळीच्या पाट्या घेऊन चढल्या. मी अंग चोरून खिडकीशी सरकलो. त्यातली एक मला म्हणाली, "सर ना जरा, बाबा. सुकी मासली हाय, चावाची नाय तुला."

मी म्हटलं, बाई, टोपली जरा लांब ठेवा, माझ्याकडे खाण्याचं आहे.

"मंग खा ना! मांडीवं कंला धरून बसलास? पोर हाय का ती?"

सगळ्या हसल्या. दशम्या मी पिशवीत खोल ढकलल्या. मासळीच्या वासात त्या उघडायची सोय राहिली नव्हती. खाडीकाठची मिठागरं गेली, मग गाडी डोंगराच्या पोटात शिरली तेव्हा मी जानवं हातात धरून बसलो. बाहेर पडल्यावर दिवा गावाजवळची खाजणं, मग डोंबिवलीकडची भातखाचरं, सगळी वाळलेली. तुम्ही पुण्याकडून येणार, तुम्हाला हे दिसायचं नाही. मोठं काही गमावलं असं नाही.

कल्याणला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर येत होतं. फलाटावर नळ आहे, पाणी बरं आहे. सामान ठेवायला कोणी नाही, जवळ बाळगावं. हमालाने सांगितलं की नाशिकच्या गाडीला चांगला अवकाश आहे, तळ्याच्या वाटेवर ब्राह्मणांच्या खाणावळी आहेत, चालत जाऊन जेवून येता येईल. टांगेवाले पैसे फार सांगतात, गरज नाही.

त्या वाटेवर तीन-चार खाणावळी आहेत. पहिल्या दोन भरलेल्या होत्या, बाहेर माणसं उभी. पुढे वळणावर एक बसकं कौलारू घर आहे, पुढे लांब पडवी, दाराला हिरवा रंग, उडालेला. आत गर्दी नाही, गलका नाही. ओसरीवर एक गोरेले, हसतमुख भटजी उभे होते. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "या. पान मांडलेलं आहे." जेवणाचे दोन आणे. त्यांनी नेसायला धूतवस्त्र दिलं, हातपाय धुवायला विहिरीवर पाणी दिलं. सगळं स्वच्छ. वासुदेवा, खोटं कशाला बोलू, तशी आमटी मी आयुष्यात खाल्ली नव्हती.

पंगत लहानच होती. माझ्या उजवीकडे इगतपुरीला निघालेले एक जाडे गृहस्थ, पलीकडे आणखी काही उतारू, आणि अगदी टोकाला एक म्हातारा. माझ्याहूनही म्हातारा, खांदे पुढे आलेले. चित्राहुती घातल्या, जेवायला सुरुवात झाली. भटजी वाढत होते आणि प्रत्येकाला म्हणत होते, "सावकाश होऊ द्या."

आमची जेवणं झाली. ताकभातही झाला. आता शेवटचं आपोशन घ्यायचं आणि सगळ्यांनी एकदम उठायचं. पण टोकाचा म्हातारा जेवतच होता. तू पुण्यात राहून नव्या रीतीचा झालास, तरी पंगतीत एक जेवत असताना दुसऱ्याने उठू नये हे तुला लहानपणी मीच शिकवलं आहे. आम्ही बसून राहिलो. हाताला भात वाळू लागला.

जाडे गृहस्थ पुटपुटले, "आजोबा शितं मोजताहेत वाटतं."

मी हसलो आणि मग नीट पाहिलं. म्हातारा घास घेत होता, तोंडात घालत होता, चावत होता. पण पानावरची भाताची मूद तेवढीच होती. तिच्यातून वाफ येत होती. त्याला भात आम्हा सगळ्यांच्या आधी वाढलेला; आमचा खाऊन संपला, हाताला वाळला, आणि त्याच्या पानावर अजून वाफ. भर दुपार होती. बाहेर ऊन पांढरं पडलेलं. पडवीत एक माशी नव्हती. माझ्या पानाकडेच्या चित्राहुतींना मुंगी लागली नव्हती.

भटजी पुन्हा त्याच्यापुढे वाकले. "सावकाश होऊ द्या."

तेवढ्यात स्टेशनाकडून घंटा ऐकू आली. ती नाशिकच्या गाडीचीच असणार. भाऊ डोळ्यांपुढे दिसू लागला. जाडे गृहस्थ माझ्या कानाशी आले. "काका, तुम्ही वडीलधारे. तुम्ही उठा. तुम्ही उठलात की आम्हालाही उठता येईल, आमच्यावर दोष नाही."

"पण ते जेवताहेत."

"ते संध्याकाळपर्यंत जेवतील. तुमची गाडी थांबणार आहे का?"

मी उठलो. पंगत मोडून उठलो. माझ्या मागोमाग सगळे उठले, पाट सरकल्याचा आवाज झाला. म्हाताऱ्याने मान वर केली. त्याचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. त्याने हात पानावर पालथा टेकला, आपोशन घेतलं, आणि पुष्कळ दिवस आजारी असलेला माणूस उठतो तसा खांबाला धरून उठला. माझ्याकडे बघून म्हणाला, "झालं हो माझं." त्याला रडू येत होतं. भटजींनी त्याच्या हातावर पाणी घातलं.  मी विहिरीवर हात बुचकळला आणि पळत सुटलो.

गाडी मिळाली. पुढचा प्रवास तुम्हालाही तोच आहे. घाटात गाडी थांबते आणि उलट्या तोंडाने निघते, तेव्हा सूनबाईला सांगून ठेव, घाबरायचं नाही. नाशिक स्टेशनापासून गाव लांब आहे, तिथे मात्र टांगा करावाच लागतो.

भाऊ अंथरुणावर होता पण शुद्धीवर होता. माझा हात त्याने हातात घेतला, जरा वेळाने म्हणाला, "आबा, जेवून हात धुवायची रीत सोडलीस का?" बोटांना भाताची शितं होती, वाळलेली. मी गाडीत बसण्याआधी फलाटावरच्या नळाखाली हात घासघासून धुतला होता.

दुसऱ्या दिवसापासून भाऊला उतार पडला. आता तो काठी घेऊन गोदाकाठापर्यंत जातो. देवाने माझी धाव फुकट घालवली नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीने पान वाढलं आणि मला घास उचलेना. भूक नव्हती. पोट भरलेलं होतं, तोंडाला त्या आमटीची चव होती, आणि बोटांना पुन्हा शितं. तिसऱ्या दिवशीही तेच. रात्री मी जेवत होतो, तेही थोडं. दुपारी मात्र नाही.

परतताना कल्याणला मुद्दाम उतरलो आणि त्या घराशी गेलो. पंगत बसलेली होती. सगळ्या पाटांवर माणसं, टोकाचा एक पाट रिकामा. त्यापुढे पान वाढलेलं, भाताला वाफ. मला तिथे कोणी दिसत नव्हतं, पण शेजारचा माणूस रिकाम्या पाटाला कोपर लागू नये म्हणून अंग चोरून बसला होता. मी बघत असतानाच तो तिकडे वळून म्हणाला, "आजोबा, आटपा जरा. आम्हाला गाडी आहे."

मी पायरीशीच थांबलो. भटजी ओसरीवर आले. हसतमुखच.

"हे पान कोणाचं?" मी विचारलं.

"तुमचं. तुम्ही उठलात तेव्हा पंगत झाली नव्हती."

"मग मी आता बसतो. बसून संपवतो."

"बसलेल्याच्या पाटावर कसं बसणार?" ते समजुतीने म्हणाले, लहान मुलाला सांगावं तसं. "आधीचे गृहस्थ पेणकडचे होते. तेही असेच विचारायला आले होते. घाबरू नका. कोणीतरी तुमच्याआधी उठेल की तुमचं होईल. गाडीच्या गावात कोणी ना कोणी उठतंच." मग आवाज खाली करून म्हणाले, "ओळखीचं कोणी येणार असेल तर अवश्य पाठवा."

मी फिरलो. मागून त्यांचं "सावकाश होऊ द्या" ऐकू आलं. ते माझ्या पाटाला म्हणत होते.

घरी आलो. तुझी मामी पहिले काही दिवस चिडली. "दुपारी जेवून येता कुठे? ओटीवरून हललेले तर दिसत नाही." मग माझ्या बरगड्या दिसू लागल्या तेव्हा तिने वैद्यांना बोलावलं. वैद्यांनी चूर्ण दिलं, काही उपयोग नाही. भर दुपारी मी ओटीवर बसायचो आणि पाठीला त्या पडवीतला गारवा लागायचा. कोणीतरी शेजारी बसून मनात मला शिव्या घालतंय असं वाटायचं. कधी कानाशी अगदी स्पष्ट ऐकू यायचं, आटपा हो. भाऊची भेट झाली, तो जगला. त्याबदल्यात दुपारचं जेवण गेलं, असं धरून मी मनाला समजावलं होतं. सौदा वाईट नव्हता. पुन्हा वेळ आली तरी मी उठेन, असंच वाटतं.

आता तुला सांगायचं ते. कल्याणला स्टेशन सोडू नका. आईला दशम्या आणि लोणचं घ्यायला सांग, फलाटावर नळाजवळ सावली आहे तिथे बसून खा. केळी, फुटाणे तिथेच मिळतात. भात हवाच असेल तर ठाण्याला आमच्याकडे या, एक दिवस राहा, मामी वाढेल. तळ्याच्या वाटेने गेलातच तर हिरव्या दाराच्या घरापुढे थांबू नका, कितीही आर्जवाने बोलावलं तरी. आणि देव न करो, बसलातच, तर उठू नकोस. गाडी जाऊ दे. दुसरी येईल. तू घाईचा माणूस, अर्ध्या ताटावरून उठून कचेरीत पळणारा, म्हणून हे पुन्हा लिहितो. टोकाला कोणी म्हातारा सावकाश जेवत असेल तर बसून राहा. तो मी असलो तरी माझी कीव करून उठू नकोस.

हे पत्र आणखी शांतपणे लिहिणार होतो. पण परवा दुपारी मला भूक लागली. ओटीवर बसलो होतो, पोटात खड्डा पडला. हात बघितला, स्वच्छ. मामीने घाईघाईने भात टाकला, मी कढत कढतच खाल्ला, दोनदा मागून घेतला. तिने देवापुढे साखर ठेवली. मी पण हसत होतो. मग हात धुताना एकदम मनात आलं, म्हणजे कोणीतरी उठलं. आणि तुम्ही याच आठवड्यात निघणार होतात.

तेव्हापासून दुपारी पान समोर आलं की तुझाच विचार येतो. हे पत्र पुण्यात मिळालं तर उत्तम. तुम्ही निघाला असाल म्हणून नाशिकला भाऊच्या पत्त्यावर हेच दुसऱ्यांदा लिहून पाठवतो आहे. यात्रा कशी झाली, देवदर्शन कसं झालं, ते सगळं मागाहून सावकाश लिही. आत्ता फक्त एक ओळ टाक, मिळेल त्या टपालाने. तुला दुपारी भूक लागते ना, एवढंच कळव.

तुझा,
आबामामा