वेशीचं उजवं अंग

माझे सासरे गवंडी होते आणि त्यांनी बांधलेली भिंत मी खाल्ली. उगाच खोटं कशाला सांगू?

निजामाचं राज्य होतं तेव्हा. आमचं गाव तेरपासून दोन कोसांवर. गावाला जुनी वेस होती, खाली गुडघाभर दगड, त्यावर विटांची दोन अंगं आणि वर विटांचीच कमान. विटा मोठ्या आणि वजनाला हलक्या. कुणी भाजल्या हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना लोणा लागला होता. जमिनीतली ओल भिंतीत चढते, वाळताना खार बाहेर फुटतो, वीट पांढरी पडते आणि हळूहळू तिचं पीठ होऊन गळतं. सकाळी वेशीच्या पायाशी लाल भुगा पडलेला दिसे. शेळ्या तो चाटत उभ्या राहत.

तालुकदारसाहेबांचा, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरचा, दौरा ठरला, तसं पोलीसपाटलांनी मामंजींना बोलावून वेशीची मरम्मत सांगितली. मामंजी खूश. त्यांनी सडक्या विटा काढल्या, भिंत पुन्हा पुन्हा धुऊन आतला खार उतरवला, बैल जुंपलेल्या घाण्यात चुना मळून घेतला. त्यात बेलफळाचा गर आणि गुळाचं पाणी घातलं आणि विटांमधले दर्जे, म्हणजे सांधे, भरले. मग सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारायचं काम. चुना पाणी पितो, नाही पाजलं तर भुसा होतो, असं ते म्हणत.

माझी ती पहिलीच खेप, तिसरा महिना होता. भाकरी नको, दूध नको. आणि त्या भिजलेल्या विटेचा वास आला की तोंडाला पाणी सुटे. नदीला जाताना घागर डाव्या कमरेवर असे, उजवा हात मोकळा. वेशीतून जाताना मी उजव्या अंगाच्या एका विटेची कड नखानं उचकटली आणि गालात धरली. चव म्हणाल तर मातीची. पण दुसऱ्या दिवशी दोन तुकडे घेतले. आता डॉक्टर सांगतात, अंगात रक्त कमी असलं की अशी ओढ लागते. तेव्हा आम्ही त्याला डोहाळे म्हणत होतो आणि खात होतो.

चार दिवसांत उजवं अंग उंदरांनी कुरतडल्यासारखं झालं. विटेच्या कडा गेल्या तसे दर्जेही सुटायला लागले. मी एकटीनं एवढं खाल्लं नव्हतं, हे मलाही कळत होतं, पण विचारणार कुणाला?

मामंजींनी भरून घेतलं. पुन्हा तेच. पाटील येऊन बघून गेले आणि चारचौघांत म्हणाले, "गवंडी, हात थकला आसंल तर तसं सांगा. नळदुर्गाहून मानूस आनतो."

मामंजी घरी आले ते ओसरीवर बसून राहिले. पुढ्यात ताट होतं, त्याला हात लावला नाही.

"लोना खालनं वर चढतो," ते आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगत होते. "ह्यो छातीच्या उंचीवर कसा आला? आन एकाच अंगाला? माझा चुनाच बिघडला. उद्या ते आख्खं अंग उतरवतो आन नव्यानं बांधतो."

"आन कमान?"

"कमानीला वासे लावतो."

मला घरात येऊन वर्षच झालं होतं, पण वर जुनी कमान लटकत ठेवून खालचं अंग काढायचं म्हणजे काय, हे मलाही समजत होतं. खाली मामंजी उभे राहणार, त्यांच्या शेजारी माझा नवरा.

चुलीपाशी मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, हातातला चिमटा पाठीत बसेल. त्यांनी पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले. हसत होत्या.

"अगं, तुझ्या नवऱ्याच्या येळंला म्या बी तिथलंच खाल्लं."

"मग मामंजींना सांगा की, आत्याबाई."

"म्या? म्या न्हाय सांगनार. तवा मामंजींनी, म्हंजी माझ्या सासऱ्यांनी, ह्यांच्या मुस्काटात मारली व्हती. चुना नीट मळला न्हाय म्हनून. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. बापापुढं त्याचं तोंड उघडत नसे. आणि सुनेनं सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती. फारच अडलं तर पोराला नाहीतर गुराला सांगितल्यासारखं करून मोठ्यांदा बोलायचं. घरात पोर नव्हतं. मी वैरणीची पेंढी घेतली, गोठ्यात जाऊन म्हशीसमोर उभी राहिले आणि ओसरीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले,

"म्हशी, चुन्याला काय बी झालं न्हाय. वेस म्या खाल्ली. मला दिवस हायेत. कमानीला हात लावू नका."

म्हैस माझ्याकडं बघत राहिली. मग मामंजी खाकरले आणि तिथूनच म्हणाले,

"म्हशी, तिला म्हनावं, चुना लागल्यालं खाऊ नगं. आतडी भाजतील." मग पुन्हा म्हशीलाच, "आन एकटी खात हुती का?"

"न्हाय," आत्याबाई आतून बोलल्या. त्यांना राहवलंच नाही. "माझ्या येळंला म्या बी खाल्ली."

"तू?" मामंजी उठून उभे राहिले. "म्हंजी म्या मार खाल्ला तो तुझ्यापायी?"

"व्हय."

"आन इतकी वर्सं बोलली न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा?"

त्यावर मामंजी असे हसले की म्हैस दावं ओढून मागं सरली. मग त्यांनी ताट जवळ ओढलं आणि चार भाकरी खाल्ल्या. मी मोजल्या, कारण आम्हा दोघींना एकच उरली.

सकाळी त्यांनी उजव्या अंगाचे दर्जे भरून वर चुन्याचा जाड हात दिला. छातीच्या उंचीवर मात्र एक कोनाडा सोडला आणि त्यात एक जुनी वीट, खार उतरवून, चुन्याशिवाय नुसतीच ठेवली. पाणी मारताना तिच्यावरही मारलं.

पाटलांनी विचारलं, "ही वीट मोकळी का?"

"ऱ्हाऊ द्या," मामंजी म्हणाले. "तुमच्या घरच्यांना बी लागंल."

पाटलांना काही कळलं नाही. त्यांची थोरली सून माझ्या मागंच घागर घेऊन उभी होती, तिला कळलं. ती लाल झाली आणि तोंड फिरवून नदीकडं चालायला लागली.

साहेबांची मोटार वेशीतून आली आणि गेली. उजव्या अंगाचा टवकाही उडाला नाही. वीट झिजली की मामंजी दुसरी ठेवत. वर्षाला दोन लागत. एका साली चार लागल्या, त्या साली गावच्या सुईणीला जेवायला फुरसत मिळाली नाही.