आधी मंगलाष्टकं की आधी जीरं-गूळ?

हैदराबादच्या नल्लकुंट्यात आमच्या खालच्या मजल्यावर एक गुरुजी राहतात. जन्म इथलाच, हयात मराठी घरांतली लग्नं लावण्यात गेली. गेल्या वर्षी कामं आटली. जुने यजमान मुलांकडे परदेशी गेले, नवे लोक मोबाइलवरून गुरुजी मागवू लागले. पुण्यात राहणारा त्यांचा मुलगा म्हणाला, "दिवाळीनंतर इकडेच राहायला या." गुरुजी सगळ्यांना हसून सांगायचे, चला, आराम मिळेल. पण त्यांना जायचं नव्हतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मलाही ते जायला नको होते.

वेबसाइट लोकांना सापडावी हे बघणं माझं रोजचं काम. तेव्हा मोठ्या तोऱ्यात मी त्यांची वेबसाइट केली. गुरुजींनी मजकूर दिला: 'वेदशास्त्रसंपन्न, दशग्रंथी घराणे.' मी म्हटलं, "गुरुजी, हे कोण शोधणार?" ते रुसले. मग मी माझी अक्कल पाजळली आणि 'हैदराबादमधील गुरुजी', 'ऑनलाइन पूजा' असे शब्द घातले. त्या शब्दांवर बड्या कंपन्या आधीच ठाण मांडून बसलेल्या. शोधलं की आम्ही नवव्या पानावर, आणि तिथवर मी सोडून कुणी फिरकत नव्हतं. दोन महिन्यांत एक फोन आला, तोही कर्ज हवंय का विचारणारा.

खरं तर आमच्या धंद्याचा नियम साधा आहे. लोक जे विचारतात, पण ज्याचं उत्तर फारसं कुणी लिहिलेलं नाही, ते शब्द धरायचे. हे मी दुसऱ्यांना शिकवते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

एका रविवारी पोहे द्यायला खाली गेले, तर गुरुजी एका जुन्या यजमानीणबाईंशी फोनवर बोलत होते. त्यांची नात बंगळुरात तेलुगू मुलाशी लग्न करत होती.

"हौ हौ, परेशान नका होऊ. मुहूर्ताला त्यांच्यात एकमेकांच्या डोक्यावर जीरं-गूळ ठेवतात, आपल्यात मंगलाष्टकं. शेवटच्या 'सावधान'ला अंतरपाट काढायचा आणि तेव्हाच जीरं-गूळ ठेवायचं. दोन्हीकडचा मुहूर्त साधतो. तिथल्या पंतुलूंना, म्हणजे त्यांच्या गुरुजींना, माझा नंबर द्या, मी तेलुगूत समजावतो."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "असं किती जण विचारतात?"

"ओळखीतले सगळेच. सल्ला माझा, लग्न दुसऱ्या गावात. पण जगाला काय सांगायचं त्यात? खिचडी लग्नं ती."

मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या कुणाला न जमणारं काम या माणसाला येत होतं, आणि नेमकं तेच ते लपवत होते!

तिथेच लॅपटॉप आणून बसले. 'मराठी तेलुगू लग्न विधी', 'आधी मंगलाष्टकं की जीरं-गूळ' असे शब्द तपासले. शोधणारे थोडे, पण धड उत्तर देणारं कुणीच नाही. मला इतका आनंद झाला की पोह्यांची बशी गुरुजींच्या पंचांगावर उपडी झाली. ते सांगत गेले, मी वेबसाइटवर लिहीत गेले. 'वेदशास्त्रसंपन्न' तळाशी राहू दिलं, नाहीतर अबोला धरला असता.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी गुरुजी धापा टाकत जिना चढून आले. पुण्याहून इथे नोकरीला आलेल्या एका मुलीचा फोन आला होता. नवरा तेलुगू, लग्न मार्गशीर्षात. "म्हणाली, आई कधीची असा माणूस शोधत होती," एवढं सांगून ते खुर्चीत बसले आणि उपरण्याने डोळे पुसले. "मला वाटत होतं, आता आपल्याला कुणी शोधत नाही."

मी पाणी आणेपर्यंत त्यांनी पुण्याला फोन लावला होता.

"दिवाळीनंतर यायला जमायचं नाही रे," ते मुलाला सांगत होते. "मला काम आहे."