झांजेची उंची

माझ्या उजव्या खांद्याचं कोणालाच काही पडलं नव्हतं. ऐंशीच्या दशकात मद्रासला लग्नांच्या रिसेप्शनमध्ये सिनेमातली गाणी वाजवणारी आमची एक पार्टी होती आणि तिच्यात ड्रम मी वाजवायचे. तंजावरकडच्या मराठी घरातली, अड्यारच्या एका ऑफिसात नोकरी करणारी, बुटकी मुलगी. ड्रमच्या सेटवरच्या दोन मोठ्या झांजा मात्र पार्टीचे मास्टर स्वतः स्टँडवर लावायचे, थेट माझ्या तोंडापुढे, डोक्याइतक्या उंच.

बसून वाजवणाऱ्याला ही शिक्षाच असते. दर ठोक्याला अख्खा हात खांद्यापासून उचलायचा, काठी कशीबशी कडेपर्यंत पोचवायची आणि लगेच खाली येऊन पुढचा ठोका गाठायचा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात वरच्या फळीवरची फाइल काढताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

योग्य जागा मी तालमीत शोधून काढली होती. डोळे मिटून बसायचं, कोपर अंगाजवळ सैल सोडायचं आणि कोपरापुढचा हात तेवढा उचलायचा. काठी आपसूक जिथे जाऊन थांबते तिथे झांज आली पाहिजे. ती जराशी आपल्याकडे कललेली हवी आणि वरचा स्क्रू इतका सैल हवा की ठोका बसल्यावर ती डुलली पाहिजे. झांजेने माझ्याकडे यायचं, मी तिच्यामागे धावायचं नाही. तालमीत मास्टर याला हरकत घेत नसत. कार्यक्रमाला मात्र पुन्हा तीच उंची.

शेवटी एकदा मी चिडून विचारलं, की तालमीत चालतं ते स्टेजवर का चालत नाही. मास्टर सज्जन माणूस. स्क्रूशी चाळा करत तमिळमध्ये म्हणाले, "तुझ्या अम्मांनीच सांगितलंय मा. पोरीचं तोंड लोकांना दिसता कामा नये म्हणाल्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईने मला ड्रम वाजवायची परवानगी दिली होती ती या अटीवर, आणि अट सांगितली होती परक्या माणसाला!

घरी गेल्या गेल्या मी तिला जाब विचारला. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "लग्नांत अस्के पाह्तात गे." अस्के म्हणजे सगळे. आमच्या लोकांत मुली पाहायच्या त्या दुसऱ्याच्या लग्नात, खुर्चीत बसून, कोणाला कळू न देता. "ढोल बडविणारी सून कोणाला हवी? जाल्रा घेऊन देवापुढें बस, कोणी नको म्हणत नाहीं." जाल्रा म्हणजे भजनातले टाळ. तेही माझ्या झांजांसारखे काशाचेच, पण ते बायकांनी मान खाली घालून वाजवायचे. मी म्हटलं, "माझा हात निकामी झाला तर चालेल, तोंड दिसलेलं चालणार नाही?" तिने सूप झटकलं.

पुढचं रिसेप्शन टी. नगरला होतं, आमच्याच नात्यातलं. पहिल्या रांगेत आई, आणि तिच्या शेजारी, माझ्यासाठी तिने मनात धरलेल्या स्थळाची मंडळी. मास्टर माइक तपासायला गेले तशी मी दोन्ही झांजा खाली घेतल्या, माझ्याकडे कलवल्या आणि समोर पाहिलं. सगळी रांग मला दिसत होती. म्हणजे मीही त्यांना दिसत होते.

पहिलं गाणं छान गेलं. हात असा हलका चालला की मला हसूच आलं. टाळ्या पडत असतानाच आई बाजूच्या पायऱ्या चढून, नऊवारीचा घोळ सावरत, स्टेजवर आली आणि झांजेचा स्टँड धरून वर ओढायला लागली. मला कोणी पाहू नये म्हणून धडपडणारी ती बाई अख्ख्या मंडपम्‌ला दिसत होती.

"सोड, आई."

"अस्के पाह्तात गे!"

"पाहू देत. तुला लपायचं असेल तर माझ्या मागे बस. झांज वर जाणार नाही."

मास्टरांनी घाईघाईने पुढचं गाणं सुरू केलं. आईचा हात स्टँडवर तसाच होता. माझा ठोका आला आणि मी तो त्याच झांजेवर दिला, पूर्ण जोर लावून. आईचा हात सुटला.

त्या स्थळाकडून काही निरोप आला नाही. आईने फार दिवस अबोला धरला. मी तिची समजूत काढली नाही आणि झांजाही वर केल्या नाहीत.