साहेबांची गोळी चुकत नाही

पोलिसात गोळी झाडली की रिकामी पुंगळी परत जमा करावी लागते. किस्से मात्र कोणी परत मागत नाही, म्हणून ते साठत जातात. माझ्याकडचे बहुतेक एकाच रायफलीचे आहेत. हसायला आलं तर हसा, मला आता येत नाही.

*

दुष्काळाच्या सालात वरून हुकूम आला. जिल्ह्यातली सगळ्यात अचूक थ्री-नॉट-थ्री रायफल निवडा, तिच्यावर दुर्बीण बसेल, आणि ती चांगल्या नेमबाजाच्या हाती द्या.

आमच्यात खरा नेमबाज एकच, गुलाबभाई शेख, राहात्याकडचा. मी कोतात, म्हणजे शस्त्रं ठेवतात त्या खोलीत, हवालदार. आम्ही दोघांनी मिळून एक रायफल काढली. लाकडी दस्ता तडकलेला, तारेनं बांधलेला, पण तीनशे यार्डांवर सगळ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत!

मोठ्या साहेबांनी ती नुसती पाहिली. "ही परेडला शोभेल का?"

मग त्यांनी रॅकमधली सगळ्यात चकचकीत रायफल उचलली. तिला आम्ही राणी म्हणायचो. पॉलिश झकास, नळी आतून झिजलेली. गोळी डावीकडे जायची, कधी वीतभर, कधी हातभर.

मी म्हणालो, "साहेब, आधी मारून तरी बघू."

"मीच मारतो," साहेब म्हणाले.

*

चांदमारी, म्हणजे नेमबाजीचा सराव, नगरबाहेरच्या माळावर. टारगेटखाली खड्डा, खड्ड्यात एक माणूस. गोळी मधोमध लागली की तो लांब काठीची चकती मधोमध टेकवतो, ते बुल. टारगेटला लागलीच नाही तर लाल झेंडा हलवतो, ते वॉशआऊट. आणि साहेब लोकांची गोळी कधी वॉशआऊट होत नाही! जुना रिवाज. खड्ड्यातल्यानं गुपचूप चकती टेकवायची आणि पेन्सिलीनं एक भोक पाडून ठेवायचं, कोणी बघायला आलंच तर.

त्या दिवशी खड्ड्यात गुलाबभाई होता. पाच गोळ्या, पाच बुल. राणी जिल्ह्यातली सगळ्यात अचूक रायफल ठरली, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः ती गुलाबभाईच्याच हातात दिली!

मी त्याच्यावर चिडलो. "अरे, रायफल कुणासाठी निवडतायत ते तरी आठवायचंस!"

"समदेच देत्यात बुल," तो म्हणाला. "म्या एकट्यानं झेंडा हलवू व्हय?"

*

दुर्बीण आली, ती आधी शिर्डीला गेली. रामनवमीच्या बंदोबस्ताला! बाईसाहेबांना गच्चीवरून पालखी बघायची होती. परत आली तेव्हा भिंगाला पेढा चिकटलेला. "दर्शन अगदी जवळून झालं," असा बाईसाहेबांचा निरोपही आला. मी भिंग पुसून ती राणीवर चढवली.

गुलाबभाईनं रायफल बदलून मागितली.

"माझ्या हातात बुल मारते," साहेब म्हणाले, "तुझ्या हातात तिला काय होतं?"

सगळे हसले. गुलाबभाईही हसला, दुसरं काय करणार!

*

राहात्याजवळच्या एका वस्तीवर विहिरीच्या पाण्यावरून दोन भावांचं जुंपलं. थोरला बाराबोअरची बंदूक घेऊन घराच्या धाब्यावर चढला, धाकट्याचं पोर छातीशी आवळून. आम्ही पोचलो. गुलाबभाई बैलगाडीमागे पालथा पडून नेम धरून होता.

"फायर!" साहेब म्हणाले.

"साहेब, रायफल डावीकडं मारतीया. डाव्या अंगाला पोरगं हाय."

"जिल्ह्यातली सगळ्यात अचूक रायफल आहे ती! फायर!"

त्यानं राणी जमिनीवर ठेवली, हात वर केले आणि सरळ धाब्याकडे चालत गेला. "दादा, लई तान लागलीया. वाईच पानी देता का?"

बार झाला. छर्रे त्याच्या उजव्या खांद्यात शिरले. तेवढ्यात मागून चढलेल्या आमच्या दोघांनी थोरल्याला धरलं. पोराला खरचटलंसुद्धा नाही.

चौकशी बसली. अचूक रायफल हातात असून गोळी झाडली नाही, म्हणजे भित्रेपणा. बाहीवरचा नेमबाजीचा बिल्ला काढून घेतला. जन्मात त्यानं तेवढंच कमावलं होतं.

मी दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसून सांगितलं, "बोल ना खरं! साहेबांच्या गोळ्या टारगेटला लागल्याच नव्हत्या म्हणून सांग."

"आन् बुल कुनी दिलं म्हनून इचारलं तर?"

मला साहेबांचा राग आला, त्याचाही आला, आणि काढायचा कुणावर ते कळेना.

*

खांदा कामातून गेला. गुलाबभाईला कायमचं खड्ड्यात लावून टाकलं.

मग नवे साहेब आले. पहिल्याच चांदमारीला म्हणाले, "ती प्रसिद्ध रायफल आणा." मी राणी आणून दिली. साहेब पालथे पडले आणि पहिली गोळी झाडली.

खड्ड्यातून लाल झेंडा वर आला. डाव्या हातानं धरलेला, सावकाश हलणारा.

दुसरी गोळी. झेंडा. तिसरी. झेंडा. चौथी, पाचवी. झेंडा!

साहेब उठून बसले. "खड्ड्यात कोण आहे?"

"गुलाब शेख, साहेब."

"माणूस बदला."

गुलाबभाई वर आला. झेंडा माझ्या हातात दिला आणि बाभळीच्या सावलीत जाऊन बसला. दुसरा माणूस खड्ड्यात उतरला.

साहेबांनी सहावी गोळी झाडली.

बुल!